वृद्धाश्रमातली जखम त्याच दिवशी कळवा


म्हातारपणी लागतं-खुपतंच, त्याचा गवगवा कशाला, हे एका वाचकपत्रातले मत मला मुळीच पटले नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे साध्या धक्क्यानेही त्वचा काळीनिळी पडते, हे खरे. पण दंडाच्या आतल्या बाजूला उमटलेली बोटे सहसा पडल्याने उमटत नाहीत. हा फरक ताज्या जखमेवरच कळतो. आठवड्याने रुग्णालयात नेऊन डॉक्टर काय सांगणार? स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना तर काय घडले हे अनेकदा सांगताही येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी जखम कळवण्याची मुदतच नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान निकष आणू पाहणारे 2019 चे दुरुस्ती विधेयकही बारगळले. निदान नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चोवीस तासांत नातेवाइकांना व समाजकल्याण कार्यालयाला कळवण्याचा आदेश काढावा. तोवर नातेवाइकांनी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा 14567 हा क्रमांक जवळ ठेवावा.
– एक वाचक, नागपूर