किट वाटली, आता फाइल उघडा

पूर असो, दंगल असो की बुलडोझर, मोहल्ल्यातले तरुण सर्वांत आधी धावतात. रेशन किट, ब्लँकेट, औषधं काही तासांत पोहोचतात. हे काम मोलाचंच आहे. पण महिनाभरात किट संपते आणि घर गमावलेला माणूस हातात एकही कागद नसताना कोर्टाच्या पायरीवर एकटा उभा राहतो. सामाजिक संस्थांची कसोटी इथे लागते.

राजस्थानातल्या दुष्काळात सरकारी गोदामं भरलेली होती आणि माणसं उपाशी होती. 'पीयूसीएल' ही संस्था २००१ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देणं राज्यांवर बंधनकारक झालं. आपली मुलं शाळेत जी खिचडी खातात, तिच्यामागे ही याचिका आहे. धान्य वाटून काही हजार पोटं भरली असती. हक्क मिळाल्याने कोट्यवधींची भरली.

बुलडोझरचंही तसंच. जमियत उलमा-ए-हिंदसह अनेकांच्या याचिकांवर १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: पंधरा दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी आणि पाडकामाचं चित्रीकरण आवश्यक, नियम मोडणारा अधिकारी स्वतः भरपाईला जबाबदार. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग किंवा जलाशयावरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणजे घर कुठे आहे, नोटीस कधी लागली, हे सिद्ध करणारा कागदच शेवटी बोलतो.

म्हणून प्रत्येक तरुण मंडळाने दोघांना फक्त नोंदीच्या कामाला लावावं. नोटिशीचा तारखेसह फोटो, एफआयआरची प्रत, घरपट्टीची पावती, साक्षीदारांचे जबाब जपावेत. स्त्रिया आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे घरोघरी सांगावं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून वर्षभरातच तक्रार करावी लागते, हेही.

आणि ही फाइल फक्त आपल्या माणसांची नसावी. शेजारच्या पारधी वस्तीतला तरुण रात्री उचलला गेला, किंवा आपल्याच गल्लीतली बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दाराशी आली, तर तिथेही आपण तेवढ्याच तत्परतेने उभं राहायला हवं. फक्त स्वतःसाठी मागितलेल्या हक्काला लोक सवलत म्हणतात. सर्वांसाठी मागितला, तरच त्याला न्यायाचं वजन येतं.