एका अंकाचे अंतर

वर्तमानपत्रातील सुडोकू सोडविणाऱ्याने एखाद्या घरात चुकीचा आकडा लिहिला, तर फारसे काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते, सोडविणारा क्षणभर हळहळतो आणि कामाला लागतो. हाच सुडोकू रानात दडवलेल्या डब्याची वाट सांगू लागला, म्हणजे मात्र त्या एका आकड्याची किंमत पायांना मोजावी लागते. जिओकॅशिंग या खेळातील कोड्यांचे खरे मोल येथे आहे. आकड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या ग्राहकांनी व बँक कर्मचाऱ्यांनी तरी या खेळाला रिकामपणचा उद्योग समजू नये.

खेळाचा जन्म अलीकडचा आहे. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिकन सरकार हेतुपुरस्सर मिसळत असलेली अशुद्धता २ मे २००० रोजी बंद झाली आणि स्थाननिश्चिती एकाएकी कित्येक पटींनी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली दडवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. सापडेल त्याने आतील एखादी वस्तू घ्यावी, आपली एखादी ठेवावी आणि नोंदवहीत नाव लिहावे, एवढाच नियम. थोड्याच दिवसांत ती बादली शोधकांना सापडलीही.

पुढे खेळात कोडी आली. अशा डब्यासाठी जाहीर केलेले ठिकाण खोटे असते. खरे ठिकाण त्यापासून साधारण तीन किलोमीटरच्या आत कोठेतरी असते. सोबत सुडोकू दिलेला असतो व त्यातील काही घरांना अक्षरे दिलेली असतात. चौकट पूर्ण झाली, की त्या घरांतील आकडे अक्षांश-रेखांशाच्या रिकाम्या जागी बसवायचे. येथे रचनाकाराला एक गमतीदार अडचण येते. सुडोकूत एक ते नऊच आकडे असतात, शून्य नसतेच. उल्मर यांची बादली सुडोकूमागे दडवायची झाली, तर ४६० आणि ८०० यांतील शून्ये आणायची कोठून? मग ‘अ वजा ब’ अशी सूचना द्यावी लागते, आणि अ व ब या घरांत सारखाच आकडा येईल अशी व्यवस्था करावी लागते.

रचनाकाराची दुसरी जबाबदारी याहून मोठी. कोड्याला उत्तर एकच हवे. दिलेले आकडे सतरापेक्षा कमी असतील तर एकच उत्तर असणे अशक्य, हे डब्लिनचे गणिती गॅरी मॅक्ग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. सतरा किंवा अधिक असले तरी खात्री मिळते असे नाही. ती रचनाकाराने करून घ्यायची असते. दोन उत्तरांचे कोडे म्हणजे दोन ठिकाणे, आणि डबा तर एकच.

आता अंतराचा हिशेब पाहावा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने चुकला तर शोधक पावणेदोन-दोन मीटर सरकतो. डबा तरीही हाती लागतो. दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर, पहिला चुकला तर १८५. एकक-दशक-शतक हे शाळेत घोकलेले स्थानमूल्य येथे पायांखाली येते. चुकलेला आकडा परक्याच्या कुंपणात किंवा कड्याच्या टोकाशी नेऊ शकतो, ही गोष्टही हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ रचनाकार सर्व आकड्यांची बेरीज ताळ्यासाठी देतात. बीव्हरक्रीकच्या अक्षांशाची बेरीज २७. परंतु हिशेबनिसाला या ताळ्याचा भरवसा वाटणार नाही. ४६० च्या जागी ६४० लिहिले तरी बेरीज २७ च राहते. शोधक मात्र ३३३ मीटर उत्तरेला जाऊन झुडपे धुंडाळत बसतो. तेरीज जुळत नसली आणि फरकाला नऊने नि:शेष भाग जात असला, तर आकड्यांच्या अदलाबदलीचा संशय घ्यावा, हा जुन्या खतावणीलेखकांचा आडाखा. येथील फरक १८०, म्हणजे नऊ विसे.

बँक व्यवहारात हीच चूक पैशांवर बेतते. २०१० च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खातेक्रमांकावर विसंबून जमा करता येते. लाभार्थीचे नाव आधी पडताळून पाहण्याची सोय एनईएफटी व आरटीजीएससाठी आली ती २०२५ मध्ये. आणि पडद्यावर दिसलेले नाव ग्राहकाने वाचले तरच तिचा उपयोग. आधार क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यामागे व्हर्होफ यांची पद्धत आहे, ती शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल हटकून पकडते. कार्डांच्या क्रमांकांसाठी वापरली जाणारी लून यांची पद्धतही पकडते, फक्त ०९ आणि ९० यांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते.

काही मंडळी कोडे न सोडविता दुसऱ्याकडून तयार ठिकाण मिळवतात आणि नोंदवहीत सही करून मोकळी होतात. खेळ आहे, त्यात काय एवढे, असे म्हटले जाते. परंतु त्या वहीवर दुसरा पहारा नसतो; नावापुढची सही खरी आहे, या विश्वासावरच सारा खेळ उभा आहे. न तपासता केलेल्या सहीचे मोल बँकेत काय असते, हे कोणत्याही शाखेतील जुन्या कारकुनास विचारावे.

रचनाकारांनी मात्र ताळा सुधारावा. दशांशानंतरच्या तीन आकड्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन यांनी गुणून बेरीज द्यावी. ४६० साठी ती १६ येते आणि ६४० साठी १४. सोडविणाऱ्याला घर सोडण्यापूर्वीच आपली चूक कळते, आणि रचनाकाराचे त्यासाठी दोन मिनिटेही जात नाहीत.