तांदळाच्या दाण्याएवढी पलटण



गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर दुबईला राहून आले. माझ्या भावाचा नातू तिथे इंजिनिअर आहे. मलाही तो आजीच म्हणतो. पहिल्याच सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले, तर तो ओरडला, "आजी, तिथे नको! तिथे पलटण वाळतेय!"

चष्मा लावून बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढे धातूचे शिपाई, चारचार एका पट्टीवर जोडलेले. लाल कोट, खांद्याला बंदूक. मी म्हटलं, "अरे, तिशी गाठलीस आणि अजून खेळणी?"

तर हा मोठ्या माणसांचाच छंद आहे. इतिहासातली खरी लढाई घ्यायची, दोन्ही बाजूंचं सैन्य बनवायचं, टेबलावर मैदान मांडायचं आणि फासे टाकून, टेपनं अंतर मोजून नियमानं खेळायचं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा खेळावर एक पुस्तकच लिहिलं होतं. शिपाई मोठेही मिळतात, पण आमचा नातू सहा मिलिमीटरवाला. तो म्हणतो, मोठे वीस शिपाई मांडले तर वीस माणसं दिसतात. हे इटुकले तीनशे मांडले की पलटण दिसते.

मला वाटलं, नेपोलियन असेल. तो म्हणाला, "नाही आजी, ही मुंबईची फौज. इथेच आली होती, रास अल खैमाला, १८१९ साली."

हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्हालाही सांगते. त्या काळी या किनाऱ्यावर कासिमींचं आरमार जोरात होतं. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. शारजाचे शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ साली पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. त्यांचं म्हणणं असं की कंपनीला व्यापार हवा होता आणि चाचेगिरी हे निमित्त होतं. काही असो, नोव्हेंबर १८१९मध्ये सर विल्यम ग्रँट कीर यांच्या हाताखाली मुंबईहून फौज निघाली. सुमारे तीन हजार माणसं, त्यात चौदाशेच्या वर देशी शिपाई. मस्कतच्या सुलतानाचीही जहाजं सोबत आली. ९ डिसेंबरला रास अल खैमा पडलं. ८ जानेवारी १८२०ला तह झाला आणि पुढे दीडशे वर्षं हा किनारा इंग्रजांच्या छायेखाली राहिला.

आता आपला संबंध. मुंबईच्या देशी पायदळात तेव्हा आपले बेने इस्राएल लोक होते. कुलाब्याच्या गावांतून तेल गाळायचं सोडून माणसं पलटणीत गेली, सुभेदार झाली. मुंबईत १७९६ साली आपलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या पलटणीतलेच अधिकारी. नातू म्हणाला, "आजी, या चौदाशेत आपले कोणी असतील ना?" मी म्हटलं, असतील. नाव मात्र मला एकही सांगता आलं नाही.

त्याचा हिशेब असा: पाच माणसांमागे एक शिपाई. म्हणजे देशी शिपाई २८५. एका लाकडी पट्टीवर चोवीस, अशा बारा पट्ट्या. त्याला मुंबईचे शिपाई तयार मिळाले नाहीत, म्हणून इंग्रजी पायदळाची पाकिटं मागवून टोप्या कानशीनं घासल्या. आधी काळ्या रंगाचं अस्तर फवारायचं, तेही पहाटे गॅलरीत. उन्हाळ्यात दुपारी फवारलं तर रंग शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि सगळं खरखरीत होतं. मग लाल कोट, पांढरे पट्टे, आणि चेहरा म्हणजे तपकिरी रंगाचा एक ठिपका. बटणं काढायची नाहीत, हातभर लांबून ती दिसतच नाहीत. पायाखाली गोंद लावून वाळू पसरायची. वाळू त्यानं रास अल खैमाहूनच आणली होती, पण या मापात एकेक कण धोंड्यासारखा दिसायला लागला. मग मी ती मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळून दिली.

एका शुक्रवारी तो मला धाया किल्ल्यावर घेऊन गेला. रास अल खैमाच्या उत्तरेला रम्स गाव आहे, तिथे एका टेकडीवर हा छोटा मातीचा किल्ला दुरुस्त करून ठेवलाय. मी अर्ध्या पायऱ्यांवर बसले. खाली खजुरीच्या बागा, पलीकडे समुद्र. रास अल खैमा पडल्यावर शेवटचा लढा इथे झाला. इंग्रजांनी 'लिव्हरपूल' या जंगी जहाजावरून दोन चोवीस पौंडी तोफा उतरवून इथपर्यंत ओढत आणल्या. २२ डिसेंबरला तटाला खिंडार पडलं आणि आतले लोक शरण आले. ३९८ पुरुष, त्यातले लढवय्ये म्हणून ओळखले गेले ते १७७. बाकीचे खजुरीच्या बागांतले शेतकरी आणि गुराखी. शिवाय बायका-मुलं चारएकशे. तीन दिवस उन्हात, पाण्यावाचून.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुझ्या किल्ल्यात कोण कोण आहे?"

"ऐंशी लढवय्ये."

"१७७ला पाचनं भाग. पस्तीस होतात. बाकीचे पंचेचाळीस शेतकरी. आणि बायका-मुलं?"

तो म्हणाला, "आजी, खेळाच्या नियमात ती येत नाहीत."

"आणि जखमी? रास अल खैमात इंग्रजांच्या बाजूचेच ५२ जखमी झाले म्हणालास. म्हणजे दहा दाणे. ते कुठे आहेत?"

त्यानं एक डबा दाखवला. पट्टी हरली की उचलून त्यात ठेवायची. मेलेले, जखमी, पळालेले सगळे एकाच डब्यात! मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. असा डबा असता तर रात्रपाळी किती सोपी झाली असती.

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पंचेचाळीस शिपाई माझ्यापुढे ठेवले, बंदुका कापून टाकलेले. चार दिवस बसून मी ते रंगवले. माझा हात अजून स्थिर आहे, बरं का. बायकांसाठी सहा दाण्यांना काळा रंग दिला आणि किल्ल्याच्या आत, तटाच्या आडोशाला चिकटवलं. आता कोणी खेळायला आलं की आधी विचारतं, हे कोण? मग नातवाला सांगावं लागतं.

आपल्या माणसांनी नोकरी इमानानं केली, याचा मला अभिमान आहे. पण ज्या किनाऱ्यावर त्यांची फौज तोफा घेऊन उतरली, तिथे आज आपली मुलं पोटापाण्याला जातात आणि सुखानं राहतात. २०२३पासून अबू धाबीत तर उघड सिनेगॉगही आहे. तेव्हा तटाच्या आत कोण होतं, हेही आपल्या मुलांना माहीत असावं.

आणि एक विनंती. कोणाच्या घरी ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे पलटणीतले पेन्शनचे कागद, पदक, जुना फोटो असेल, तर मागे पेन्सिलनं नाव आणि गाव लिहून ठेवा. आज नातवानं विचारलं आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये.