घरटॅक्स बंद करा म्हणण्याआधी



वसुलीचा माणूस गावात फिरला की पारावर एकच बोलणं सुरू होते, हा घरटॅक्स बंदच करून टाका. माझं मत वेगळं आहे. घरटॅक्स ठेवा आणि त्याचा हिशोब मागा. बंदच करायचा तर शेतीच्या औषधावरचा जीएसटी बंद करा.

कारण सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीला निधी दिला, पण त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामालाच बांधून ठेवला. रोवणीच्या आधी पांदण रस्त्यावर दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा असला, नाली उपसायची असली, तर गावाच्या हातचा पैसा म्हणजे घरटॅक्सच. तो गेला की प्रत्येक कामासाठी वरच्या दारी हात पसरा.

शहरांचं तेच झालं. व्यापाऱ्यांनी आंदोलनं केली, 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. आता महापालिका भरपाईच्या हप्त्यासाठी राज्याकडे पाहून राहतात. भरपाई सरकारच्या तिजोरीतून जाते, आणि त्या तिजोरीत आपलाही पैसा आहे.

अमेरिकेतलं नॉर्थ डकोटा हे शेतीचं राज्य. तिथे असे प्रश्न थेट लोकांच्या मतदानाला टाकतात. घर-जमिनीच्या किमतीवरचा कर काढून टाकायचा प्रस्ताव 2012 मध्ये पडला, नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा आला, पुन्हा पडला. दुसऱ्या वेळी शंभरातल्या 63 जणांनी नाही म्हटलं. कर तिथेही कोणाला गोड लागत नाही. पण शाळा आणि रस्ते त्याच पैशावर चालतात, हे त्यांना माहीत होतं.

आपल्याकडे 2025 मध्ये सरकारने राहत्या घराच्या जुन्या थकबाकीत निम्मी सूट द्यायची मुभा दिली, ठराव ग्रामसभेवर सोडला. अडचणीतल्या माणसाला सूट मिळाली तर हरकत नाही. पण ज्याने धान विकून दरवर्षी वेळेवर भरला, त्याला काय मिळालं? अशाने पुढच्या वर्षी तोही थांबेल.

आता खरा बोजा पाहा. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, हे चांगलं झालं. पण तुडतुडा, खोडकिडीच्या रासायनिक औषधावर 18 टक्के तसाच राहिला. हजाराच्या औषधावर 180 रुपये. दुकानदार भरलेला कर पुढे वळता करून घेतो. आपल्या धानावर जीएसटी नाही, म्हणून आपल्याला वळता करायला जागाच नाही. तो कर आपल्याच अंगावर राहतो. अर्ध्या एकरवाल्यालाही तोच दर. माफीची मागणी इथे करा.

आणि गावात? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या ग्रामसभांना जा. नमुना 8 आणि नमुना 9 पाहायला मागा. कोणाच्या पक्क्या घराची आकारणी कच्च्या घराची आहे, कोण मोठा थकबाकीदार आहे, पैसा कुठे गेला, सगळं विचारा. पावती दाखवून विचारणाऱ्याला उत्तर द्यावंच लागते.

तुमच्या गावात वसुली किती होते आणि पांदण रस्ता कसा आहे, खाली लिहा.