सही करण्याआधीचे तीन दिवस

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



तुमच्या बँकेच्या सूचना आमच्या गावात फोनवरच्या मेसेजमधून येतात, टीव्हीवर अमिताभ बच्चन सांगतात. सूचना चांगल्याच असतात. पण ज्या टेबलावर सही होते तिथं त्या दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

आमचं गडमुडशिंगी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं. जवळच गांधीनगरची कापडपेठ, गोकुळ शिरगावची एमआयडीसी. एकाच घरात पगार महिन्यानं येतो, दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं वर्षातून. दूध बिलातून पशुखाद्य आणि उचल वजा होते, ऊस बिलातून सेवा संस्थेचं पीक कर्ज. या कपातीची सवय आहे. पण बाईच्या गटाचा हप्ता, पोराच्या गाडीचा हप्ता आणि मोबाइलचा हप्ता एका कागदावर मांडून कुणी बेरीज करत नाही. देणारे तर नाहीच नाही.

पोराच्या गाडीचंच घ्या. कर्ज ५० हजार, मुदत दोन वर्षं. ‘बारा टक्के फक्त’ असं सांगतात. हे बारा टक्के फ्लॅट असतात; म्हणजे व्याज १२ हजार आणि २४ हप्ते २,५८३ रुपयांचे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारांवरच. घटत्या शिलकीवर हिशेब केला की दर साडेएकवीस टक्क्यांवर जातो. पोरगं रंग निवडण्यात गुंतलेलं असतं, बाप सही करतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून तुम्ही की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंत. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर, तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत, आणि विचार करायला कामाचे किमान तीन दिवस. नियम उत्तम. पण गाडी त्याच दिवशी संध्याकाळी दारात उभी राहते, मग ते तीन दिवस गेले कुठं?

गटाच्या कर्जाचंही तेच. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात बायका गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २०२२ मध्ये तुम्ही नियम केलात की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हप्त्याचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणं ठरवता यावा आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नको. म्हणजे दूध घालणारीला दहा दिवसांचा हप्ता मागता यायला हवा. तसं मागता येतं, हे तिला सांगायचं कुणी?

ठेवीची तऱ्हा तर आणखी वेगळी. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे फार थोड्यांना. दोन्हीकडं पासबुक मिळतं, काउंटरही सारखाच दिसतो. त्यातच दरमहा भरघोस परताव्याचं आमिष. २०२२ मध्ये कोल्हापुरात असं आमिष दाखवणाऱ्या ए. एस. ट्रेडर्सवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा फसलेल्यांत शिकलेली, नोकरीतली माणसंही होती. महिन्याला पाच टक्के परतावा म्हणजे वर्षाला साठ. एवढा नफा ज्याला खात्रीनं होतो, तो आपल्या दारात पैसे मागायला कशाला येईल? (हे आमच्याकडं चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळतं, पाहुण्यानं आग्रह केला की विसरतात.) पतसंस्था तुमच्या अखत्यारीत नाहीत, हे मान्य. पण त्यांच्या ठेवीला विमा नाही, एवढं तरी तुमच्या जाहिरातीत यावं.

बाकी मागणं थोडकंच. गाडीच्या शोरूममध्ये कर्जाच्या टेबलावर खरा वार्षिक दर हप्त्याइतक्याच मोठ्या मराठी आकड्यांत लावायला लावा. तीन दिवस खरोखर दिले का, हे कर्जदाराला फोन करून विचारा, कंपनीच्या कागदावर जाऊ नका. आणि आर्थिक साक्षरतेचं शिबिर तालुक्याच्या हॉलमध्ये सकाळी अकराला ठेवू नका. तेव्हा बायका वैरणीला गेलेल्या असतात. दूध बिल वाटपाच्या दिवशी संध्याकाळी, डेअरीच्या दारात घ्या. गर्दी आयतीच असते, आणि हिशेब घालायला प्रत्येकीच्या हातात बिलाची चिठ्ठी असते.

आपला,
गडमुडशिंगीचा एक खातेदार