बावीस मतं आणि आमची वेटिंग लिस्ट

आमच्या विंगमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ दे रे, एका मताने काय होणार आहे?" मीही म्हटलंय. म्हणून आज सरी-गिल्डफर्डची गोष्ट सांगतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेत ९३ जागा, म्हणजे बहुमताला ४७ लागतात. तिथे व्हँकूवरजवळ सरी नावाचं शहर आहे. पंजाबी मंडळींची मोठी वस्ती. सरी-गिल्डफर्ड हा त्याच शहरातला एक मतदारसंघ. १९ ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं. त्या रात्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होनवीर सिंग रंधावा १०३ मतांनी पुढे होते आणि सत्ताधारी न्यू डेमोक्रॅटिक पक्ष प्रांतभरात ४६ जागांवर अडकला होता.

पण उशिरा पोचलेली टपाली मतं आणि विशेष सोयीने दिलेली काही मतं मोजायची राहिली होती. तिथे टपालाने मत द्यायला म्हातारं किंवा सैनिक असावं लागत नाही, कुणीही मागू शकतो. ती मतं मोजली आणि २८ ऑक्टोबरला न्यू डेमोक्रॅटिकचे गॅरी बेग २७ मतांनी पुढे गेले. कोर्टाच्या देखरेखीखाली फेरमोजणी झाली, फरक उरला २२ चा. त्या एका जागेने पक्षाचे ४७ झाले आणि सरकार टिकलं. बावीस! आमच्या मजल्यावर याहून जास्त पोरं राहतात.

आता माझं सांगतो. माझं नाव साकोली मतदारसंघात, भंडारा जिल्ह्यात. २० नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसची वेटिंग लिस्ट, त्यात दुसऱ्या दिवशी सबमिशन. गेलो नाही. निकाल लागला तेव्हा नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले होते. ते हरायला हवे होते की नको, हा मुद्दाच नाही. आमच्या भागातली किती पोरं पुण्या-नागपूरच्या होस्टेलांत पडून असतील, एवढाच हिशेब मी रात्री करत बसलो.

सर म्हणतात, नाव इकडे आणा. बरोबर आहे. विद्यार्थ्याला होस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६ आणि सोबत बोनाफाईड, गावचं नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८. आळशीपणा सोडला तर तासाभराचं काम. पण खरं सांगू? मला इथल्या आमदाराचं काय पडलंय? माझ्या बापाचं धान तिकडे विकलं जातं, मत मला तिकडेच द्यायचंय.

आपल्याकडे टपाली मत सैनिकांना, निवडणुकीच्या ड्यूटीवरच्यांना, ८५ च्या वरच्या आजी-आजोबांना आणि अपंगांना मिळतं. होस्टेलवाला आणि बांधकामावरचा मजूर कुठल्याच यादीत नाहीत. निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एका यंत्रावर ७२ मतदारसंघ घेणारं रिमोट मशीन जाहीर केलं होतं. पक्षांनी शंका काढल्या, आणि पुढे गाडी सरकली नाही. शंका खोट्या नाहीत, दूरच्या बूथवर पोलिंग एजंट कोण बसवणार? पण हा प्रश्न सोडवायला इंजिनीअर लागतात ना? मग आपल्या प्रोजेक्टच्या यादीत दरवर्षी तेच ट्रॅफिक सिग्नल कंट्रोलर का असतात?

तोवर फॉर्म ८ भरायचा की पुढच्या वेळी जनरल डब्यात उभं राहून भंडारा रोड गाठायचं, यावर आमच्या खोलीत अजून भांडण चालू आहे.