बॉनेटवरचे भोक: जीर्णोद्धाराच्या नावाने दिलेली खोटी साक्ष

१/ जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जीर्णोद्धारात एक टप्पा हमखास येतो. इंजिन उतरवलेले असते, पत्र्यावरचा गंज काढून झालेला असतो, रंग अजून लागायचा असतो. आणि कोणीतरी सुचवतो की बॉनेटवर एक स्कूप बसवून टाकावा, गाडी उठून दिसेल. तासाभरात, अर्धशतक टिकलेल्या मूळ पत्र्यावर खडूने एक चौकोन आखला जातो. हा धागा त्या चौकोनाविरुद्ध आहे.

२/ आधी स्कूपचे मूळ काम. इंजिनला पेट्रोलइतकीच हवा लागते, आणि गार हवा घन असते. बॉनेटखालची हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असेल आणि तिच्याऐवजी बाहेरची ३० अंशांची हवा कार्ब्युरेटरला मिळाली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे १० टक्के अधिक प्राणवायू मिळतो. स्कूपचा खरा लाभ हाच आहे. तो तापमानाचा लाभ आहे.

३/ लोकांच्या मनात मात्र दुसरीच कल्पना ठाण मांडून बसली आहे: वेगाने धावणाऱ्या गाडीत स्कूप हवा ‘कोंबतो’ आणि शक्ती वाढते. साधे गणित करावे. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब वातावरणीय दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. ताशी १६० ला तो सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. रस्त्यावरच्या गाडीत या ‘कोंबण्या’ला फारसा अर्थ उरत नाही.

४/ जागेचाही प्रश्न आहे. बॉनेटच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा थर मंद असतो, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेजवळ तर दाब कमी असतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी मात्र हवा अडते व दाब वाढतो. म्हणून कामाचा स्कूप एकतर पत्र्यापासून पुरेसा वर उचललेला असतो, नाहीतर त्याचे तोंड मागे, काचेकडे असते. ‘जिथे छान दिसेल तिथे’ हा निकष हवेला मान्य नाही.

५/ आता इतिहास. १९६४ मध्ये पॉन्टियॅकने टेम्पेस्ट लमान्स या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे मोठे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ हे पॅकेज विकायला काढले. मसल कारच्या युगाची सुरुवात बहुतेक इतिहासकार येथूनच मानतात. त्या गाडीच्या बॉनेटवर दोन स्कूप होते आणि दोन्ही शोभेचे होते. त्यांतून हवेचा कणही आत जात नसे. म्हणजे या परंपरेच्या उगमाशीच बडा घर पोकळ वासा.

६/ परंतु पॉन्टियॅकच्या अभियंत्यांना ते पोकळपण पुरेसे वाटले नाही. १९६५ च्या जीटीओवर एकच स्कूप आला, आणि तो उघडून थेट कार्ब्युरेटरशी जोडता येईल असा सुट्या भागांचा संच विक्रेत्यांकडे मिळू लागला. पुढे ‘रॅम एअर’ नावाने गाजलेल्या व्यवस्थेचे हे मूळ. शोभेच्या वस्तूला काम मिळाले, आणि त्या कामाने तिला प्रतिष्ठा दिली.

७/ पुढची पाच वर्षे या प्रतिष्ठेची. १९६८ च्या मस्टँग ४२८ कोब्रा जेटचा स्कूप पूर्ण थ्रॉटलला उघडणाऱ्या झडपेतून हवा घेई. १९७० च्या शेव्हेलमध्ये झडप बॉनेटच्या मागच्या भागात, काचेकडे तोंड करून उघडे. त्याच वर्षीच्या प्लिमथ रोड रनरमध्ये चालकाने कळ दाबली की बॉनेटमधून झाकण वर येई आणि त्याच्या बाजूंवर रंगवलेले शार्कचे दात दिसत. हेमी ’कुडाचा शेकर तर थेट इंजिनावर बसलेला. इंजिन थरथरले की बॉनेटच्या भोकातून बाहेर आलेला तो भागही थरथरे.

८/ या प्रत्येक रचनेत एक गोष्ट समान होती: स्कूप, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि त्यांच्यामधली रबरी पट्टी यांची एक अखंड साखळी. पट्टी नसेल तर स्कूपमधून आलेली गार हवा बॉनेटखालच्या उष्ण हवेत मिसळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. स्कूप हा त्या साखळीचा दिसणारा शेवट होता. दिसणारा शेवट उचलायचा आणि साखळी सोडून द्यायची, ही नक्कल झाली.

९/ नकलेचा मोह कारखान्यांनाही आवरला नाही. १९६९ च्या मस्टँग माक-१ ला साधे इंजिन घेतले तर बॉनेटवरचा स्कूप निव्वळ शोभेचा मिळे. पॉन्टियॅक ट्रान्स ॲमचा शेकर १९७० मध्ये खरोखर हवा घेत होता. १९७३ पासून आवाजाच्या नियमांमुळे त्याचे तोंड बंद केले गेले. १९७७ च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ चित्रपटाने जगभर पोहोचवलेली ती काळी गाडी याच बंद तोंडाची. शेकरचे सर्वांत प्रसिद्ध रूप हे त्याचे मुके रूप आहे.

१०/ तेव्हा ‘कारखान्यांनीही खोटे स्कूप बसवले होते, मग आता बसवले तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो फसवा आहे. १९६४ चा शोभेचा स्कूप ही १९६४ ची वस्तुस्थिती आहे. त्या काळच्या बाजाराला काय हवे होते, हे तो सांगतो. आज कापलेल्या भोकावर मात्र जुन्या काळाचा रंग फासलेला असतो; ते आजचे असून कालचे असल्याची साक्ष देते. पहिला पुरावा आहे, दुसरे बनावट दस्तऐवज.

११/ हा शब्दच्छल नव्हे. १९६९ च्या शेव्हरले कॅमॅरोच्या चॅसी नंबरवरून सहा सिलिंडरचे इंजिन होते की व्ही-८, एवढेच कळते. गाडी एसएस होती की झेड/२८, हे कळत नाही. अशा गाडीची ओळख उरते ती पत्रा, कप्पे, कंस, भोके आणि कागद यांत. योग्य बॉनेट आणि दोन बिल्ले लावले की साधी गाडी दुर्मीळ गाडीच्या वेशात उभी राहते. पहिला मालक सगळे खरे सांगून विकतो, दुसरा अर्धे सांगतो, तिसऱ्याला खरे ठाऊकच नसते.

१२/ क्रायस्लरच्या गाड्यांत चॅसी नंबरातले पाचवे चिन्ह इंजिन सांगते. १९७० च्या ४२६ हेमीसाठी तेथे ‘आर’ असते. म्हणून तिथे लबाडी पकडणे थोडे सोपे. पण जिथे क्रमांक बोलत नाही तिथे पत्रा बोलतो, आणि पत्रा कापणारा माणूस साक्षीदाराचीच जीभ कापत असतो.

१३/ याच प्रश्नाशी वास्तुसंवर्धक फार आधी भिडले. जीटीओ ज्या वर्षी आली, त्याच १९६४ मध्ये व्हेनिस सनद तयार झाली. तिचे सूत्र असे की अनुमान जिथे सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, तोच विचार ट्युरिन सनदेत वाहनांना लागू केला: बदल कमीत कमी, शक्य तिथे परत फिरवता येतील असे, आणि नोंद ठेवून. मराठी वाचकाला हे समजावायला इटलीला जाण्याची गरज नाही. काळ्या पाषाणाच्या देवळाला जीर्णोद्धार म्हणून ऑइलपेंट फासलेला ज्याने पाहिला आहे, त्याला मूळ आणि ‘उठून दिसणे’ यांतला फरक ठाऊक आहे.

१४/ पहिला गंभीर आक्षेप हॉट रॉडवाल्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी गाड्या कापल्या, जोडल्या, कोरड्या तळ्यांवर पळवल्या. १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी राहिली. गाडी बदलणे हाही अमेरिकन वारसाच, असे ते म्हणतात. ते खरे आहे. म्हणूनच १९६६ मध्ये एखाद्या पोराने शर्यतीसाठी कापलेले बॉनेट आज बुजवू नये. ते भोक इतिहास आहे. पण त्या परंपरेने आपल्या गाडीला कधी ‘जीर्णोद्धार’ म्हटले नाही. ती बदल करीत होती आणि बदल म्हणूनच मिरवत होती. हॉट रॉड बनवायची असेल तर खुशाल बनवावी. नावही तेच द्यावे.

१५/ दुसरा आक्षेप मालकीचा: ज्याची गाडी त्याची मर्जी. कायद्याने बहुतेक ठिकाणी तसेच आहे. पण अर्धशतक जुन्या गाडीचा आजचा मालक हा तिचा चौथा किंवा पाचवा मालक असतो आणि शेवटचा क्वचितच असतो. आधीच्यांनी पत्रा न कापल्यामुळेच त्याला तो अखंड मिळाला. मिळालेला वारसा आपल्यानंतर कोणाला मिळू नये, ही मर्जी कायदेशीर असेल, शोभणारी नाही.

१६/ तिसरा आक्षेप शक्तीचा: गार हवा हवीच. मग ओल्ड्समोबिलकडे पाहावे. १९६८ आणि १९६९ च्या ४४२ मधील डब्ल्यू-३० पॅकेजने हवा घेतली ती बंपरखालच्या दोन स्कूपांतून, नळ्यांनी थेट एअर फिल्टरपर्यंत. बॉनेटला भोक नाही. आजही जाळीमागून एक जाड नळी आणली की तेच काम होते. उंच मॅनिफोल्डमुळे एअर फिल्टर बॉनेटला टेकत असेल, तर ती खरी अडचण. बाकी बहुतेकदा ‘शक्ती’ हे दिसण्याला दिलेले सभ्य नाव असते.

१७/ गॅरेजमधले सत्यही सांगायला हवे. बॉनेट म्हणजे एक पत्रा नव्हे. वरच्या पत्र्याखाली आधाराची चौकट असते, आणि भोक पाडताना ती कापली गेली की बॉनेट वेगात फडफडू लागते. लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला फायबरग्लासचा स्कूप उन्हात निराळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. काही वर्षांत जोडाची रेघ रंगातून वर उमटते. पाणी निचरण्याची वाट ठेवली नसेल तर पावसाचे पाणी थेट एअर फिल्टरवर. भोक पाडायला तासभर लागतो, मिटवायला कसबी कारागिराचे कित्येक दिवस.

१८/ भारतात हा केवळ रुचीचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज वाहन-नोंदणीचे नियम आणले. वाहन ५० वर्षांहून जुने हवे, आणि चॅसी, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरफार न होता मूळ रूपात राखलेले हवे. बॉनेटचा चौकोन ‘मोठा फेरफार’ ठरतो की नाही, यावर वकील वाद घालतील. पण मूळ रूप हीच पात्रता असेल, तर ते आपल्याच करवतीने संशयास्पद करणे शहाणपणाचे नाही.

१९/ मग ज्याला स्कूप हवाच आहे त्याने काय करावे? मूळ बॉनेट उतरवून, गंजरोधक लावून, कोरड्या जागी जपून ठेवावे. स्कूप असलेले दुसरे बॉनेट विकत घेऊन त्याच बिजागऱ्यांवर बसवावे. स्कूप एअर फिल्टरशी पट्टीने नीट जोडावा. काय बदलले, कधी बदलले, याची छायाचित्रांसह नोंद गाडीच्या कागदांत ठेवावी. आणि गाडी विकताना मूळ बॉनेट तिच्यासोबत द्यावे. एवढे केले तर हौसही भागते आणि साक्षही टिकते.

२०/ स्कूपला मान मिळाला तो त्याने केलेल्या कामामुळे. १९६५ मध्ये पॉन्टियॅकने शोभेच्या भोकाला कामाचे केले. साठ वर्षांनी कामाच्या परंपरेला पुन्हा शोभेचे भोक करणे हा जीर्णोद्धाराचा उलटा प्रवास आहे. पत्र्यावर खडू टेकवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या भोकातून आत काय जाणार आहे? उत्तर ‘हवा’ असे नसेल, तर खडू पुसून टाकावा.